थोडी घाण राहू दे

व्लास्टिमिल सहा आठवड्यांसाठी गेला,
डोंगरातल्या झऱ्यांच्या गावी, छाती मोकळी करायला.
जाताना फ्रिजच्या मुठीला सुतळीने वही बांधून गेला:
तापमान पंचवीस. खारटपणा पस्तीस.
जेवढं पाणी उडून जाईल तेवढं साधं पाणी घाल,
मीठ उडत नाही, ड्राहा, ते इथेच राहतं.
आणि खाली, वेगळ्या शाईत:
हात जमतील तेवढे बाहेर ठेव.

हात बाहेर!
याच हातांनी एकतीस वर्षं
खाणीतून आलेले त्याचे सदरे धुतले मी.
कोळसा सदऱ्यावर बसत नाही,
शिवणीत बिऱ्हाड करतो.
त्याच्या उशीच्या अभ्र्यावर डोक्याएवढा करडा डाग,
खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं की काळं बोट.
आमचं ओस्ट्राव्हा असंच.
समुद्र मी दोनदा पाहिला,
दोन्ही वेळा बल्गेरियात, युनियनच्या खर्चाने.

आता सातव्या मजल्यावर, जिथे टीव्ही होता,
तिथे एकशेऐंशी लिटर समुद्र,
निळ्या दिव्याखाली.

काचेवर तपकिरी साय धरली होती. खरवडली.
वाळूतला गाळ नळीने ओढून काढला.
फिल्टरमध्ये कोळसा घातला, सांगितल्याच्या दुप्पट.
(हसूही आलं. जन्मभर ज्याला उंबऱ्याबाहेर हाकललं
तो आता डब्यातून विकत आणायचा, पाणी उजळायला.)
चौथ्या दिवशी पाणी इतकं नितळ
की आहे की नाही कळेना.
कुबीकोव्हाबाई साखर मागायला आल्या, म्हणाल्या,
आता कुठे घर दिसतंय!

आणि पोवळी मिटू लागली.
छत्रीसारखं पसरणारं ते चामडी पोवळं,
त्याने आधी बोटं आत घेतली,
मग अंगच आखडलं, मेणचट झालं,
पातेल्यात विसरलेल्या अळंबीसारखं.
झेनियाच्या इवल्या मुठी,
दिवसभर उघडतात, मिटतात, उघडतात,
त्या एकेक करून थांबत गेल्या.
मी स्टूल ओढून मोजत बसले.
मोजायची सवय आहे मला,
रात्री त्याचा श्वास मोजते तशी.

फोनवर आधी खोकला आला, मग तो.
"घासलंस ना?"
"घासलं."
बराच वेळ काही नाही. मागे कुणीतरी पेले खडखडवत होतं.
"ती उपाशी आहेत, ड्राहा.
उजेड खातात, खरंय,
पण नुसत्या उजेडावर कोण जगलंय?
थोडी घाण राहू दे."

कोळसा काढून टाकला.
पंपाचं तोंड भिंतीकडे वळवलं, झोत मऊ व्हावा म्हणून.
एकुलत्या एका माशाला चिमूटभर जास्त घातलं,
उरलेलं तळाला जाऊ दिलं.
आणि मागे सरले.
सोपं वाटतं हे सांगायला.
फडकं हातात घेऊन मी कितीदा त्या काचेपाशी गेले
ते कुबीकोव्हाबाईंना विचारा.

साय पुन्हा धरली.
अकराव्या दिवशी चामड्याने कात टाकली,
एक पातळ पापुद्रा अंगावरून सुटला,
शिफ्ट संपल्यावर सदरा उतरावा तसा,
आणि झोताबरोबर कोपऱ्यात जाऊन पडला.
धुवायला नव्हता तो.
संध्याकाळी छत्रीवर बोटं आली, पिवळसर, बारीक,
आधी कडेला, मग सगळीकडे.
मुठींचं मला कळलंही नाही.
मी बटाटे सोलत होते. मान वर केली तर
त्या चालू होत्या.

तो आला, टोपीसकट काचेसमोर उभा राहिला.
वहीत त्याने नकाशा काढला होता,
कोणतं पोवळं कोणत्या दगडावर वाढवायचं.
झाडासारख्या पोवळ्याची एक फांदी मात्र
आपणहून गळली होती,
वाहत जाऊन पंपाच्या वायरीला चिकटली होती,
आणि तिथेच तिला नवी पालवी.
"ही इथे कुणी लावली?"
"मला काय ठाऊक," मी म्हटलं.
"मी हात बाहेर ठेवले होते."